फेब्रुवारी आली की कुंड्यांवर पुन्हा पांढरी पापडी: बागेसाठी पाणी कसं निवडायचं, कसं साठवायचं

लक्षणं ओळखीची आहेत. जून ते सप्टेंबर गच्चीवरची बाग टवटवीत असते. दिवाळी उलटली की मोगऱ्याची नवी पानं फिकट यायला लागतात. फेब्रुवारीत मातीवर आणि मातीच्या कुंडीला बाहेरून पांढरी पापडी धरते, मार्चमध्ये जास्वंदीच्या पानांच्या कडा करपतात. मग खत वाढवलं जातं, औषध फवारलं जातं, कुणी माती बदलतं. तेवढ्यात पावसाळा येतो, झाडं सुधारतात आणि श्रेय शेवटी केलेल्या उपायाला मिळतं. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा तेच.

या वेळापत्रकातच निदान आहे. पावसाळ्यात मृदू पाणी कुंडीतून आरपार वाहतं आणि जाताना क्षार घेऊन जातं. उरलेले आठ महिने बोअरचं किंवा टँकरचं पाणी घातलं जातं, तेही बेताबेतानं. पाणी उडून जातं, क्षार कुंडीतच राहतात.

हिशेब करून बघा. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे १ लिटर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, ८०० असेल, तर १ लिटरमध्ये ०.८ ग्रॅम क्षार असतात. बारा इंची कुंडीला रोज १ लिटर पाणी घातलं आणि खालून काहीच वाहून गेलं नाही, तर १०० दिवसांत ८० ग्रॅम क्षार जमा होतात. मिठाचे चार-पाच मोठे चमचे भरून कुंडीत टाकावेत, तेवढे. त्यावर रासायनिक खत म्हणजे आणखी क्षार. म्हणून या दुखण्यात 'खत दिलं तरी झाड सुधारत नाही' असं होतं. खरं तर खत दिल्यानंच ते आणखी बिघडतं.

आधी पापडी कसली आहे ते बघा

पांढरं दिसलं की सगळं एकच नसतं. चमचाभर पापडी खरवडून बशीत घ्या आणि वर पांढऱ्या व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका.

फसफसून बुडबुडे आले तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी कठीण आहे आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर आहेत. मातीचा सामू (पीएच) वर सरकतोय असं समजा.

बुडबुडे आले नाहीत, पण साध्या पाण्यात पापडी विरघळून गेली, तर ते विद्राव्य क्षार आहेत: खताचे, नाहीतर खाऱ्या पाण्याचे.

कापसासारखं मऊ, तंतुमय असेल आणि बोटानं पुसलं जात असेल, तर ती बुरशी. बुरशीचा पाण्याच्या प्रतीशी संबंध नाही, पाण्याच्या प्रमाणाशी आहे. वरचा थर हलवा, सावलीतली कुंडी उजेडात आणा, पाणी कमी करा. बाकीचा लेख त्या कुंडीसाठी नाही.

पान काय सांगतं

जुन्या, खालच्या पानांची टोकं आणि कडा तपकिरी, कोरड्या झाल्या असतील तर क्षार साचले आहेत. पाण्याबरोबर क्षार पानाच्या टोकापर्यंत जातात, तिथून पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. टोक आधी जळतं ते म्हणूनच.

नवी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं असेल तर झाडाला लोह मिळत नाही. मातीत लोह असतं, पण सामू साडेसातच्या वर गेला की ते मुळांना उचलता येत नाही. चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं, त्यामागेही हेच असतं. अनंत, इक्झोरा, मोगरा, गुलाब आणि लिंबू यांच्यावर हे सर्वांत आधी दिसतं.

पाणी घातल्यावर वरच तळं साचून राहत असेल, माती वाळल्यावर दगडासारखी आवळत असेल आणि ओली असताना बुळबुळीत लागत असेल, तर सोडियमचा संशय घ्या. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होतं आणि लक्षही तिथेच जात नाही.

पाणी तपासणं

टीडीएस मीटर जरूर घ्या, साधं पेनसारखं मिळतं ते पुरतं. कुंडीतल्या झाडांसाठी ढोबळ मर्यादा अशा धरा: ३०० पर्यंत निर्धास्त वापरा. ३०० ते ७०० पर्यंत वापरा, पण दर वेळी थोडं पाणी खालून वाहू द्या. ७०० च्या वर नाजूक झाडांना नुसतं देऊ नका, मिसळून द्या. १,५०० च्या वर फक्त बोगनवेल, कण्हेर, नारळ अशा सोसणाऱ्या झाडांना, आणि तेही शक्यतो जमिनीत लावलेल्या.

मीटर क्षार किती आहेत ते सांगतं, कोणते आहेत ते सांगत नाही. ६०० टीडीएसचं कॅल्शियमचं पाणी आणि ६०० टीडीएसचं सोडियमचं पाणी मीटरवर सारखंच दिसतं, झाडाला मात्र दुसरं कितीतरी वाईट. म्हणून जोडीला घरातल्या खुणा बघा. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर थर बसतो: पाणी कठीण आहे. फेस भरपूर येतो आणि तरीही टीडीएस ७००-८०० आहे: पाण्यात सोडियम आहे. एकतर मुळातच, नाहीतर पाणी मृदू करणाऱ्या सॉफ्टनर यंत्रामुळे.

मोठी बाग असेल तर एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्याच. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत, बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांत आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाणी तपासतात. पंप १०-१५ मिनिटं चालू ठेवा, मग स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळून १ लिटर नमुना काठोकाठ भरा आणि २४ तासांच्या आत पोचवा. 'पिण्यासाठी' नव्हे, 'सिंचनासाठी' तपासणी सांगा. अहवालात विद्युतवाहकता, सामू, बायकार्बोनेट, सोडियम आणि आरएससी हे आकडे हवेत. आरएससी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेले कार्बोनेट-बायकार्बोनेट. तो आकडा १.२५ च्या आत असेल तर चांगलं, २.५ च्या वर असेल तर ते पाणी एकटं वापरू नये.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतं. त्यामुळे 'आमचं पाणी पिण्यालायक आहे' हा कुंडीतल्या अनंतासाठी भरवसा ठरत नाही.

कोणतं पाणी कुठे

पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. टीडीएस बहुधा १० ते ३०, किंचित आम्ल. नाजूक झाडं, बियांची रोपं, फर्न आणि कॅलेथिया यांच्यासाठी हे राखून ठेवा.

महापालिकेचं पाणी कुठून येतं ते बघा. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा यांचं आणि पुण्याला खडकवासला साखळीचं पाणी येतं. हे मुळात मृदू असतं. ते मिळत असेल तर या लेखातली निम्मी काळजी तुम्हाला करायची नाही. अडचण येते ती सोसायटीच्या टाकीत त्यात बोअर आणि टँकर मिसळतात तेव्हा. उन्हाळ्यात मिश्रण बदलतं, म्हणून मीटर महिन्यातून एकदा बुडवा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा.

क्लोरीनची भीती अनाठायी मोठी झाली आहे. नळाच्या पाण्यात जेवढा क्लोरीन उरतो तेवढ्यानं झाडाला काही होत नाही. टँकरच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास येत असेल तर उघड्या बादलीत रात्रभर ठेवा, उडून जातो. पण रात्रभर ठेवून क्षार जात नाहीत. तुरटी फिरवून गाळ बसतो, क्षार जात नाहीत. पाइपवर चुंबक लावूनही टीडीएस आहे तेवढाच राहतो. या तीन गोष्टींवर लोक वर्षानुवर्षं विसंबून असतात, म्हणून स्पष्ट सांगतो.

आरओचं टाकाऊ पाणी वाईटच असं नाही, ते आत काय जातं यावर आहे. चार भागांतून एक भाग शुद्ध पाणी निघत असेल, तर टाकाऊ पाण्याचा टीडीएस मूळच्या साधारण १.३ पट होतो. १२० चं पाणी असेल तर टाकाऊ १६० च्या आत राहतं, ते बिनधास्त घाला. ८०० चं असेल तर टाकाऊ हजारावर जातं, ते फरशी पुसायला वापरा.

एसीचं पाणी जवळजवळ ऊर्ध्वपातित असतं. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर देतो, कोरड्या हवेत कमी. एकट्यानं देण्यापेक्षा बोअरच्या पाण्यात मिसळायला ते उत्तम. एसी नुकताच रसायन मारून धुतला असेल तर पहिल्या दिवसाचं पाणी सोडून द्या.

तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्याच दिवशी घाला. कपडे धुण्याच्या पाण्यात सोडा असतो, म्हणजे सोडियम. ते कुंडीत नकोच.

मिसळण्याचं गणित सोपं आहे. बोअर ८०० आणि पाऊस २० असेल, तर १ बादली बोअरला २ बादल्या पाऊस मिसळल्यावर टीडीएस २८० होतो. म्हणजे पावसाचं पाणी दीडपट दिवस पुरतं आणि झाडाला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियमही मिळतं, जे नुसत्या पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात नसतं.

सॉफ्टनरचं पाणी: झाडांना देऊ नका

बऱ्याच सोसायट्यांत बोअरवर सॉफ्टनर बसवलेला असतो. नळाला डाग पडत नाहीत, साबणाला फेस येतो, सगळे खूश असतात. आणि वर्षभरात बाग बसते. कारण सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन त्यांच्या जागी सोडियम देतो. म्हणूनच त्याला मीठ लागतं. पाण्याचा कठीणपणा ४०० असेल, तर सॉफ्टनरमधून गेल्यावर प्रत्येक लिटरमध्ये साधारण १८४ मिलिग्रॅम सोडियमची भर पडते. टीडीएस मीटरवर मात्र आकडा जवळपास तोच दिसतो.

सोडियमनं मातीचे कण सुटे होतात, बारीक कण पोकळ्या बुजवतात, पाणी आणि हवा आत जात नाही. वर तळं, आत कोरडं, आणि मुळं गुदमरलेली.

उपाय प्लंबरकडे आहे. सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवरून टी काढून बागेसाठी वेगळा नळ घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. कठीण बोअरचं पाणी झाडाला सॉफ्टनरच्या पाण्यापेक्षा बरं, हे सोसायटीच्या बैठकीत सांगितलं की आधी कुणाला पटत नाही, पण तसंच आहे. सॉफ्टनर धुतानाचं मिठाचं पाणी बागेच्या बाजूला सोडलेलं नाही ना, तेही बघा.

बिघडलेली कुंडी सावरायची तर नुसतं पावसाचं पाणी ओतू नका. मृदू पाण्यानं सोडियमी माती आणखी बसते. आधी बारा इंची कुंडीला एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम, शेतीचं जिप्सम वरच्या दोन-तीन इंच मातीत हलक्या हातानं मिसळा. मग बोअरचं साधं पाणी भरपूर घालून खालून वाहू द्या. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं आणि पाणी त्याला बाहेर नेतं. आठवड्यानं पुन्हा एकदा धुवा. पाणी सहज झिरपायला लागलं की पावसाच्या पाण्याकडे वळा.

साचलेले क्षार धुऊन काढणं

किती साचलंय ते आधी मोजा. कुंडीला नेहमीसारखं पाणी घाला, तासभर थांबा. खाली स्वच्छ बशी ठेवा आणि वरून १००-१५० मिलि आरओचं पाणी सावकाश ओता. बशीत जमलेलं पहिलं अर्धी वाटी पाणी मीटरनं मोजा. १,००० च्या आत असेल तर ठीक. १,५०० च्या वर असेल तर धुवा.

सकाळची वेळ घ्या. वरची पापडी आणि तिच्या खालची पाव इंच माती खरवडून फेकून द्या, नाहीतर तेच क्षार पुन्हा आत जातील. कुंडीच्या तळाचं भोक काडी घालून मोकळं करा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. मग कुंडीच्या घनफळाच्या दुप्पट पाणी लागतं: बारा इंची कुंडीला २५ ते ३० लिटर. एकदम ओतलं तर ते कडेच्या फटीतून निसटतं. झारीनं ५-५ लिटर घाला, मध्ये २० मिनिटं थांबा, म्हणजे क्षार विरघळायला वेळ मिळतो. चांगलं पाणी कमी असेल तर पहिले २० लिटर बोअरचं आणि शेवटचे ५ लिटर पावसाचं चालेल. बोअर ८०० चं असलं तरी खालून २,५०० चं पाणी निघत असेल तर तुम्ही फायद्यातच आहात. खालचा आकडा वरच्याच्या दीडपटीवर आला की थांबा.

धुतल्यावर दोन आठवडे खत नको. नत्रही धुऊन गेलेलं असतं, म्हणून त्यानंतर अर्ध्या मात्रेनं सुरुवात करा.

पुन्हा साचू नये म्हणून रोजची सवय बदलावी लागेल. 'रोज एक तांब्या' ही पद्धत क्षार साचवण्याची हमखास पद्धत आहे, कारण पाणी वरच्या चार इंचांतच मुरतं आणि उडतं. त्यापेक्षा वरची इंचभर माती सुकू द्या आणि मग भरपूर घाला, इतकं की घातलेल्याच्या दहाव्या ते सातव्या हिश्श्याइतकं खालून निघेल. बशीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका, तेच कुंडीनं परत वर ओढलं तर केलेलं सगळं फुकट.

तुळशी वृंदावनाकडे या बाबतीत विशेष लक्ष द्या. सिमेंटच्या वृंदावनाला पुष्कळदा तळाला भोकच नसतं, सिमेंटमधून चुना सुटत असतो आणि पाणी मात्र रोज न चुकता पडतं. तुळस दर उन्हाळ्यात वाळते ती बहुधा यामुळे. वृंदावनाच्या आत भोक असलेली साधी कुंडी विटेच्या तुकड्यांवर ठेवून तुळस तिच्यात लावा. पूजेला काही फरक पडत नाही आणि दर महिन्याला कुंडी बाहेर काढून धुता येते.

बोअरशिवाय काहीच नसेल तर: लिंबूसत्त्व

पापडी फसफसली असेल, म्हणजे बायकार्बोनेटचं पाणी असेल, तर आम्लानं ते मारता येतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, पुरतं. १०० ग्रॅम घेऊन पाण्यात विरघळवा आणि एकूण १ लिटर करा. या द्रावणाचं १० मिलि म्हणजे १ ग्रॅम, औषधाच्या बाटलीच्या टोपणानं मोजता येतं.

१० लिटरच्या बादलीत आधी १० मिलि टाका, ढवळा, पाच मिनिटं थांबा, सामूची पट्टी बुडवा. ६ ते ६.५ येईपर्यंत १०-१० मिलि वाढवा. आम्लता-क्षारतेच्या तपासणीत ३०० क्षारता (म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, टीडीएस नव्हे) असलेल्या पाण्याला १० लिटरला साधारण ३ ते ३.५ ग्रॅम लागतं. साडेपाचच्या खाली नेऊ नका. पांढरं व्हिनेगर वापरायचं असेल तर त्याच पाण्याला ५० मिलिच्या आसपास लागेल.

हे पाणी साठवून ठेवू नका. जिवाणू सायट्रेट खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट पुन्हा तयार होतं. जेवढं लागेल तेवढं त्याच वेळी करा. द्रावणाच्या बाटलीवर नाव लिहा आणि ती मुलांच्या हाताला व ब्लीचिंग पावडरजवळ येणार नाही अशी ठेवा.

लक्षात घ्या, यानं फक्त बायकार्बोनेट जातं, मीठ जात नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यात, भूजल मुळातच खारं आहे. तिथे लिंबूसत्त्व टाकून काही साधत नाही. पावसाचं पाणी साठवणं हाच तिथला मार्ग आहे.

पिवळी पडलेली पानं सावरायला पाण्याबरोबर लोहही द्यावं लागतं, पण दुकानात 'चिलेटेड फेरस' म्हणून मिळणारं बहुतेक ईडीटीए प्रकारचं असतं. सामू साडेसहाच्या वर असेल तर ते मातीत टिकत नाही, म्हणून ते १ लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. मातीत द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं, लालसर तपकिरी, ६ टक्क्यांचं मागा: कुंडीला १ ग्रॅम, १ लिटर पाण्यातून. जुनी पिवळी पानं हिरवी होतीलच असं नाही, पंधरा दिवसांनी आलेलं नवं पान बघून ठरवा.

साठवण

किती साठवायचं? दहा नाजूक कुंड्या, रोज १ लिटर, मार्च ते मे ९० दिवस, म्हणजे ९०० लिटर. एकास दोन मिश्रण धरलं तर ६०० लिटर पावसाचं, म्हणजे २०० लिटरचे तीन ड्रम. १० चौरस मीटरच्या पत्र्यावर १० मिमी पाऊस पडला की ८० लिटरच्या वर पाणी हाती येतं. चांगल्या दोन-तीन दिवसांत तिन्ही ड्रम भरतात.

ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. खाद्यतेल, रस, लोणचं चालेल. रसायन किंवा कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी नको. उजेड आत जाणारा पांढरा ड्रम घेतला तर पंधरा दिवसांत पाणी हिरवं होतं, म्हणून काळा घ्या, किंवा बाहेरून काळा रंग मारून वर गोणपाट गुंडाळा. शेवाळानं झाड मरत नाही, पण झारीची आणि ठिबकची भोकं बुजतात. शेवाळासाठी मोरचूद टाकू नका, तांबं मातीत साचत जातं.

वजनाचा विचार जागा ठरवण्याआधी करा. भरलेला ड्रम २०० किलोच्या वर जातो आणि सगळा भार पाव चौरस मीटरवर येतो, म्हणजे चौरस मीटरला पाऊण टनाच्या आसपास. बाल्कनीच्या बाहेरच्या टोकाला किंवा गच्चीच्या मध्यावर ठेवू नका. खाली कॉलम किंवा बीम असेल तिथे, भिंतीलगत, एकेक ड्रम सुटा ठेवा. शंका असेल तर इमारतीच्या अभियंत्याला विचारल्याशिवाय भरू नका.

तळापासून चार इंच वर भोक पाडून अर्ध्या इंची टँक निपल, रबरी वॉशर दोन्ही बाजूंनी, आटे असतील तिथे टेफ्लॉन टेप आणि पुढे नळ. चार इंच सोडायचे ते गाळासाठी. नळ अगदी तळाला लावला की प्रत्येक झारीत गाळ येतो. ड्रम विटांच्या दीड फुटी ओट्यावर ठेवा, झारी नळाखाली बसली पाहिजे. वरच्या कडेपासून दोन इंच खाली ओसंडणाऱ्या पाण्याची वाट ठेवा आणि तिलाही जाळी लावा.

छपराचं पहिलं पाणी ड्रममध्ये घेऊ नका. त्यात धूळ, कबुतरांची विष्ठा, पालापाचोळा असतो. १० चौरस मीटरला निदान पहिले १० लिटर सोडायचे. ११० मिमीचा पाइप मीटरला साधारण ८ लिटर धरतो, म्हणून ड्रमच्या आधी सव्वा मीटरचा उभा पाइप लावा आणि खाली उघडता येणारं टोपण बसवा. तो आधी भरतो, मग पाणी ड्रमकडे वळतं. पाऊस थांबला की टोपण उघडून रिकामा करा, नाहीतर पुढच्या सरीला तो काम करणार नाही आणि त्यात डासही होतील.

डासांची गोष्ट घरच्यांच्या आरोग्याची आहे, इथे कसूर नको. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात, पाण्याच्या रेषेजवळ ड्रमच्या भिंतीवर अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. झाकणाखाली मच्छरदाणीचं कापड ताणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यानं घट्ट बांधा. पाणी आत येण्याची वाट, ओसंडण्याची वाट, झाकणातली फट, तिन्ही जाळीनं बंद हवीत. आठवड्याचा एक दिवस ठरवून टॉर्च मारून बघा. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर पाणी कोरड्या मातीत ओतून द्या, गटारात नाही, आणि ड्रमची आतली भिंत ब्रशनं घासा. नुसतं रिकामं करून चालत नाही, वाळलेली अंडी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पाणी आलं की फुटतात. मोठी उघडी टाकी असेल तर गप्पी मासे सोडा. रॉकेल किंवा जळकं तेल कधीच नको, ते पाणी झाडांना घालता येत नाही.

पाण्याला अंड्यासारखा वास येत असेल तर तळाशी पालापाचोळा कुजतोय. ते पाणी नाजूक कुंड्यांना घालू नका, जमिनीतल्या झाडांना द्या, तळ घासून काढा आणि आत येणाऱ्या वाटेवरची जाळी तपासा. नवी सिमेंटची टाकी असेल तर दोन-तीनदा भरून, आठवडाभर ठेवून, रिकामी करा. ताज्या सिमेंटचा चुना सुटून पाण्याचा सामू खूप वर जातो.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट बिघडते. उन्हात पडलेल्या होजमधलं पाणी हाताला चटका देईल इतकं तापतं. माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकत असेल तर हेही तपासा. पहिलं पाणी बादलीत सोडून द्या, मनगटावर धरून बघा, गार लागलं की मगच झाडाला. ड्रमवर सावलीची जाळी घाला आणि पाणी सूर्य वर यायच्या आत घाला.

ड्रम भरायचे ते ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरमध्ये. तोवर छप्पर धुऊन निघालेलं असतं आणि परतीच्या पावसाची एखादी सर हुकली तरी हातात वेळ असतो. भरून झालं की झाकण लावा, जाळी तपासा आणि ड्रमवर खडूनं तारीख व टीडीएस लिहा. फेब्रुवारीत पहिली झारी काढताना मीटर पुन्हा बुडवा. आकडा ५० च्या वर गेला असेल तर कुठूनतरी बोअरचं पाणी किंवा सिमेंटचा चुना आत येतोय, ती वाट आधी शोधा.